आधी शिखर : वेरूळच्या कैलासाची आख्यायिका आणि तिचे वाचन

प्राचीन वास्तूंच्या उत्पत्तीचा शोध घेताना अभ्यासक साधारणपणे साधनांचे दोन ढीग करतात. कोरीव लेख, ताम्रपट आणि शैलीची चिकित्सा एका बाजूस. स्थलपुराणे, माहात्म्ये आणि लोककथा दुसऱ्या बाजूस. पहिल्या ढिगातून इतिहास निघतो आणि दुसऱ्यातून श्रद्धा, अशी ही वाटणी असते. वेरूळच्या कैलास लेण्यापाशी आल्यावर मात्र ती डळमळते. येथे ताम्रपट काव्याच्या भाषेत बोलतो आणि आख्यायिका पाथरवटाच्या कामाचा क्रम सांगते. या दोहोंचे साहित्यकृती म्हणून शेजारी शेजारी वाचन फारसे झालेले नाही. इतिहासकारांनी त्यांतून नावे आणि सने काढून घेतली, आणि उरलेला मजकूर अलंकार म्हणून सोडून दिला. उरलेल्या मजकुराचेच मोल अधिक आहे, असे त्यांच्या तपशिलात शिरल्यावर दिसू लागते.

छत्रपती संभाजीनगर (पूर्वीचे औरंगाबाद) जिल्ह्यातील वेरूळच्या चौतीस लेण्यांत कैलासाचा क्रमांक सोळावा. डोंगराच्या उतारावर वरून तीन बाजूंनी खोल चर खोदून मधला खडक सुटा करावयाचा, आणि मग शिखरापासून जोत्यापर्यंत उतरत उतरत त्या खडकातून देऊळ मोकळे करावयाचे, अशी त्याच्या घडणीची रीत आहे. प्रांगण सुमारे २७६ फूट लांब आणि १५४ फूट रुंद. मागच्या बाजूस खडकाची कड सुमारे १०७ फूट उंच. बांधीव देवळात पाया आधी आणि कळस शेवटी असतो. येथे हा क्रम उलटतो. बिघडलेला दगड काढून दुसरा बसवावा, ही सोय कारागिराला उरत नाही. पण शिखर घडविण्यासाठी उंच परांची बांधण्याची गरजही उरत नाही, कारण तो उभा असतो त्याच खडकावर, आणि काम पुढे सरकेल तसा तोही खाली उतरत जातो.

हे लेणे राष्ट्रकूट राजा कृष्ण पहिला (सुमारे इ.स. ७५६ ते ७७३) याच्या काळाशी जोडले जाते, त्याचा प्रमुख आधार गुजरातेतील राष्ट्रकूट शाखेच्या कर्क सुवर्णवर्षाचा बडोदे ताम्रपट हा आहे. तो शके ७३४ मधील, म्हणजे इ.स. ८१२-१३ चा. रा. गो. भांडारकर यांनी या ताम्रपटातील एलापूर म्हणजे वेरूळ आणि त्यातील देवालय म्हणजे कैलास, असा अन्वय लावला आणि तो पुढे सर्वसामान्यपणे मान्य झाला. कामाचा आरंभ कृष्णाच्या आधी, दंतिदुर्गाच्या कारकिर्दीत झाला काय आणि शेवट किती पिढ्यांनी झाला, हे वाद मात्र चालत राहिले. हेर्मान गोत्स यांनी १९५२ मध्ये ते काम अनेक राजवटींत विभागले; म. के. ढवळीकर यांनी १९८२ मध्ये मुख्य भाग कृष्णाच्याच काळातला ठरविला आणि काही बाजूची लेणी पुढची मानली. या वादाचा निकाल प्रस्तुत विवेचनाला आवश्यक नाही.

आवश्यक आहे तो ताम्रपटाचा मजकूर. तो दानाचा दस्तऐवज आहे आणि कैलास त्यात येतो तो पूर्वजाच्या स्तुतीच्या ओघात. आशय असा की, एलापूरच्या डोंगरावरील ते अद्भुत देवालय पाहून विमानांतून जाणारे देवही थबकतात; हे स्वयंभू शिवाचे स्थान असावे, कृत्रिम वस्तूला एवढी शोभा कोठून, असे त्यांना वाटते. पुढे प्रशस्तिकार एक अनपेक्षित गोष्ट करतो. तो देवांना सोडून खुद्द घडविणाऱ्याकडे वळतो. पुन्हा असे काही हातून होणार नाही हे उमगलेला तो शिल्पी आपल्याच कामाकडे पाहून विस्मित होतो आणि हे आपल्या हातून झाले तरी कसे, असा प्रश्न करतो.

राजस्तुतीच्या ठरीव साच्यात कारागिराचे मन डोकावावे, हे विरळा आहे. देवांचे आश्चर्य हा संकेत झाला. कारागिराचे आश्चर्य हा अनुभव आहे. काम संपल्यानंतर कर्ता आणि कृती यांच्यांत पडणारे अंतर त्या कवीने टिपले आहे. परंतु त्याने एक गोष्ट केली नाही. त्या शिल्प्याला नाव दिले नाही. राजाचे नाव आहे, डोंगराचे आहे. ज्याच्या तोंडी सर्वांत मानवी वाक्य घातले तो निनावी आहे.

नाव मिळते ते सुमारे सातशे वर्षांनी, आणि मराठी ओवीत. कृष्ण याज्ञवल्की (सुमारे १४७० ते १५३५) याच्या ‘कथाकल्पतरू’ या पुराणकथांच्या प्रचंड संग्रहात ही आख्यायिका उपलब्ध ग्रंथांपैकी प्रथम भेटते. अलजपूरच्या, म्हणजे आजच्या अचलपूरच्या राजाला पूर्वजन्मीच्या पापामुळे असाध्य व्याधी जडलेली असते. शिकारीच्या निमित्ताने तो म्हैसमाळेस येतो. बरोबर आलेली राणी घृष्णेश्वराला नवस बोलते की, राजा बरा झाला तर शिवाचे देऊळ उभारीन. राजा तेथील तळ्यात स्नान करतो आणि व्याधिमुक्त होतो. आता राणीला नवस फेडण्याची घाई होते. देवळाचे शिखर दिसेपर्यंत अन्न घेणार नाही, असा ती नेम करते. इतक्या थोड्या अवधीत देऊळ उभारण्यास कोणी स्थपती पुढे येत नाही. अखेर पैठणचा कोकस हे काम पत्करतो आणि आठवड्याच्या आत शिखर दाखविण्याचे वचन देतो. तो डोंगराच्या माथ्यावरून कोरावयास आरंभ करतो. सात दिवसांत शिखर प्रकट होते, राणीचे उपोषण सुटते, आणि तिच्याच नावावरून देवाला माणिकेश्वर हे नाव पडते.

हिची बांधणी व्रतकथेची आहे, हे उघडच आहे. पाप, व्याधी, तीर्थ, नवस, नेम आणि फलप्राप्ती ही सर्व स्थानके क्रमाने येतात. मराठी श्रोत्याला हा साचा कहाण्यांतून पाठ असतो. पण व्रतकथेत संकटातून सुटका सहसा देव करतो. दृष्टांत होतो, चमत्कार घडतो. येथे व्याधी देवाने घालविली तरी उपोषणाच्या पेचातून राणीला सोडवितो तो सुतार-पाथरवटांच्या वर्गातला एक माणूस, आणि तोही आपल्या धंद्यातल्या युक्तीने. सात दिवसांचा अवधी चमत्काराचा वाटतो खरा, परंतु कोकस चमत्कार करीत नाही. पाया आणि कळस यांचा क्रम उलटता येईल, एवढे त्याला सुचते. कथेची गाठही येथेच आहे आणि उकलही येथेच. कारागिरीची पद्धत हेच कथानक, अशी दुसरी आख्यायिका मराठीत शोधून सापडणे कठीण.

ताम्रपट आणि ओवी यांनी आपापल्या वाटा कशा उचलल्या, हे आता स्पष्ट होते. ताम्रपट राजा अचूक सांगतो, शिल्पी निनावी ठेवतो, आणि वास्तू कशी झाली हे विस्मयावर सोपवितो. आख्यायिका राजा चुकविते, वंश विसरते, शिल्प्याला मात्र नाव आणि गाव देते, आणि वास्तू कशी झाली हे नेमके सांगते. एकाला ‘कोणी करविले’ यात रस आहे, दुसरीला ‘कोणी केले आणि कसे’ यात.

ढवळीकरांनी या आख्यायिकेला पुरातत्त्वाच्या चर्चेत मानाने स्थान दिले, हे त्यांचे मोठेपण. वरून खाली कोरलेले म्हणता येईल असे वेरूळला हेच एक लेणे आहे, म्हणून कथेतील माणिकेश्वर म्हणजे कैलास, हा त्यांचा युक्तिवाद पटण्यासारखा आहे. ते आणखी एक पाऊल पुढे गेले. अकराव्या ते तेराव्या शतकांतील मध्य भारतातल्या काही कोरीव लेखांत स्थपती आपणांस कोकसाच्या कुळातले म्हणवितात. तेव्हा कोकस हा कैलासाचा खराखुरा मुख्य स्थपती असावा, असे त्यांनी सुचविले. येथे मात्र थांबावे लागते.

कारण कोकस हे नाव कैलासाहून जुने आहे. संघदासगणीच्या ‘वसुदेवहिंडी’त, म्हणजे सुमारे पाचव्या-सहाव्या शतकातील आर्ष महाराष्ट्री प्राकृतातील कथाग्रंथात, कोक्कास नावाचा यंत्रकुशल सुतार येतो. तो यवनांच्या देशी जाऊन विद्या शिकतो, लाकडी कबुतरांकरवी राजवाड्यातले धान्य आणवितो, राजासाठी आकाशात जाणारे यंत्र घडवितो. ते यंत्र दोघांचाच भार पेलणारे; राणीला बरोबर घेण्याचा हट्ट होतो आणि यंत्र बिघडून खाली येते. जैनांच्या आवश्यक-परंपरेतील कथेत हाच कोक्कास सोपाऱ्याचा होतो. म्हणजे कृष्णराजाने एलापूरचा डोंगर फोडण्यास सुरुवात करण्याच्या कितीतरी आधीपासून, प्राकृत कथाविश्वात कोकस हे अलौकिक कारागिराचे नाव म्हणून रूढ होते. मध्य भारतातील स्थपती त्या कुळाचे म्हणवितात ते, ब्राह्मणाने एखाद्या ऋषीचे गोत्र सांगावे किंवा लोहार-सुतारांनी विश्वकर्म्याचे वंशज म्हणवावे, त्याच अर्थाने असणे अधिक संभवनीय आहे. त्या लेखांवरून कोकसाची प्रतिष्ठा सिद्ध होते. त्याचे वेरूळला असणे सिद्ध होत नाही.

या निष्कर्षाने आख्यायिकेचे मोल कमी होत नाही, वाढते. कारण मग प्रश्न असा उभा राहतो की, निनावी शिल्प्याच्या जागी लोकांनी नेमके हेच नाव का बसविले? वसुदेवहिंडीतला कोक्कास हा बुद्धीचा कारागीर आहे. त्याची ख्याती अंगमेहनतीची नाही, कल्पकतेची आहे. कैलासासमोर उभ्या राहिलेल्या पिढ्यांना हा केवळ घणाचा आणि छिन्नीचा पराक्रम नाही, हा विचाराचा पराक्रम आहे, हे दिसले असले पाहिजे. शिवाय राणीचा हट्ट आणि त्या हट्टाचा भार उचलणारा कारागीर ही जोडीही जुन्या कथेत आहेच. फरक एवढाच की, तेथे हट्टाने यंत्र पडते, येथे हट्टाने देऊळ उभे राहते. प्राकृतातून मराठीत येताना कथा अशी सुलटी झाली.

आख्यायिकेचे उरलेले धागेही असेच बाहेरून आलेले दिसतात. व्याधिग्रस्त राजा आणि तीर्थस्नान हा धागा वऱ्हाडात जैन परंपरेनेही जपला आहे. वाशीम जिल्ह्यातील शिरपूरच्या अंतरिक्ष पार्श्वनाथाची कथा जिनप्रभसूरीच्या चौदाव्या शतकातील ‘विविधतीर्थकल्प’ या ग्रंथात आहे. तेथे श्रीपाल राजा तळ्याच्या पाण्याने हातपाय धुतो, तेवढाच भाग निरोगी झाल्याचे राणीच्या ध्यानी येते, मग तो पूर्ण स्नान करतो, आणि त्या पाण्यातून पार्श्वनाथाची मूर्ती प्रकट होते. उत्तरकालीन परंपरेत हा राजा एलिचपूरचा ईल होतो. पाण्याची परीक्षा आधी हातातोंडावर आणि मग सर्वांगावर, हा बारकावा वेरूळच्या कथेतही उतरला आहे. पुणे दरबारातील इंग्रज वकील चार्ल्स मॅलेट याने १७९४ मध्ये वेरूळ पाहिले आणि त्याचे वर्णन १७९९ मध्ये ‘एशियाटिक रिसर्चेस’च्या सहाव्या खंडात छापले गेले. त्याला एका ब्राह्मणाने सांगितलेल्या कथेत अंगात किडे पडलेला एलू राजा शिवालय तीर्थाच्या पाण्यात वस्त्र भिजवून आधी हाततोंड पुसतो, नंतर कुंड बांधून स्नान करतो, आणि जागा पवित्र मानून प्रथम कैलास करवितो. या कथनात सात दिवस नाहीत, शिखराचा नेम नाही, कोकसही नाही. म्हणजे कथाकल्पतरूतील आख्यान वेरूळच्या प्रत्येक वक्त्याच्या तोंडी होते, असे समजण्याचे कारण नाही. तीर्थाशी ज्यांचा संबंध होता त्यांनी तीर्थाची कथा सांभाळली.

मॅलेटला एका मुसलमान माहीतगारानेही उत्तर दिले होते, आणि ते या संदर्भात गंमतीचे आहे. त्याच्या मते ईल राजाने ही लेणी सुमारे नऊशे वर्षांपूर्वी करविली. ब्राह्मणाने द्वापरयुगात जाऊन सात हजारांहून अधिक वर्षे मोजली. आज ज्ञात असलेल्या काळाच्या जवळ कोण होता, हे सांगावयास नको. पण दोघांनीही राजा एकच सांगितला, आणि तो दोघांचाही चुकला.

राजा चुकला यापेक्षा गाव चुकणे अधिक बोलके आहे. कथेचा भूगोल पाहावा : अचलपूर, म्हैसमाळ, वेरूळ, पैठण. सगळा मराठी मुलूख. प्रत्यक्ष वास्तू काही वेगळेच सांगते. कैलासाचा आराखडा आणि त्याचे द्राविड पद्धतीचे विमान कर्नाटकातील पट्टदकलच्या विरूपाक्ष मंदिराशी जवळचे नाते दाखवितात, आणि विरूपाक्षाचा आदर्श कांचीच्या कैलासनाथ मंदिरात आहे. बदामीच्या चालुक्यांना राष्ट्रकूटांनी जिंकले, आणि त्यांची शिल्पपरंपराही उचलली. तेव्हा वेरूळला राबलेल्या हातांत दक्षिणेकडून आलेले हात पुष्कळ असले पाहिजेत. कथाकल्पतरूच्या काळापर्यंत ही वाट पुसली गेली होती. मराठी बोलणाऱ्या समाजाने आपल्या मुलखातील सर्वांत थोर देवळाचा कर्ता आपल्याच सर्वांत जुन्या नगरात शोधला. पैठणचे नाव तेथे विद्येचे आणि कलेचे गाव म्हणून आपोआप आले. हे समजण्यासारखे आहे. पण मराठी संस्कृतीच्या प्राचीनतेचा पुरावा म्हणून कोणी कोकसाचे पैठण पुढे केले, तर त्याला पट्टदकलचा रस्ता दाखवावा लागेल.

त्या रस्त्यावर आख्यायिकेच्या बाजूचेही काही सापडते. विरूपाक्ष मंदिर चालुक्य विक्रमादित्य दुसरा याची राणी लोकमहादेवी हिने, राजाच्या कांचीवरील विजयाप्रीत्यर्थ, आठव्या शतकाच्या पूर्वार्धाच्या अखेरीस उभारविले. देवाला तिच्या नावावरून लोकेश्वर म्हणत. आणि तेथील कोरीव लेखांत सूत्रधार गुंड अनिवारिताचारी याचे नाव पदव्यांसह कोरलेले आहे. राणीने पतीसाठी बांधविलेले शिवालय, देवाला राणीचे नाव, आणि नावाने गौरविलेला स्थपती : कथाकल्पतरूने जे तीन धागे विणले ते तिन्ही कैलासाच्या थेट पूर्वसूरीच्या मंदिरात दगडावर लिहिलेले आहेत. यावरून माणिकेश्वराच्या राणीला राष्ट्रकूटांच्या अंतःपुरात शोधणे हे घाईचे होईल. राष्ट्रकूट ताम्रपट तिच्याविषयी बोलत नाहीत. मात्र अशी कथा अशक्य म्हणून बाजूला सारता येत नाही, हेही तितकेच खरे. त्या काळी त्या परंपरेत देवळे अशा रीतीने होत होती.

कारागिराला नायक करणाऱ्या आख्यायिका भारताच्या इतर भाषांतही आहेत, आणि त्यांच्याशी ताडून पाहता कोकसाचे वेगळेपण अधिक उठून दिसते. ओडिशातील कोणार्कचे सूर्यमंदिर गंग राजा नरसिंहदेव पहिला याने तेराव्या शतकात बांधविले. त्याच्या दोन कथा आहेत. एक पौराणिक : कृष्णपुत्र सांबाचे कुष्ठ सूर्योपासनेने बरे झाले, म्हणून त्याने मंदिर केले. ही एलू राजाच्या जातीची. दुसरी लोककथा : बाराशे कारागिरांना कळस बसविता येईना; विशू महाराणाचा बारा वर्षांचा मुलगा धर्मपद याने तो बसविला, आणि मोठ्यांची अब्रू व प्राण वाचावेत म्हणून समुद्रात उडी घेतली. गोपबंधु दास यांच्या काव्याने ही कथा आधुनिक ओडिया मनात कायमची रुजविली. कन्नडमधला जकणाचारी आपल्या मूर्तीत दोष नाही म्हणून पैज लावतो. एक तरुण शिल्पी मूर्तीच्या नाभीशी दगडात दडलेला बेडूक दाखवितो. जकणाचारी स्वतःचा उजवा हात तोडतो, आणि मग तो तरुण आपलाच मुलगा असल्याचे त्याला कळते. बेलूरच्या मंदिरावर प्रत्यक्ष सह्या आहेत त्या दासोज आणि त्याचा मुलगा चावण यांसारख्या शिल्प्यांच्या.

या दोन्ही कथांत बाप-लेक आहेत, स्पर्धा आहे, रक्त आहे. कला माणसाकडून किंमत वसूल करते, असा त्यांचा सूर आहे. कोकसाच्या कथेत कोणी मरत नाही, कोणाचा हात तुटत नाही. एक उपाशी बाई जेवते. यामागे स्वभावाचा फरक असेल, पण वास्तूचाही आहे. कोणार्कचे मुख्य शिखर कोसळले. त्या पोकळीचे उत्तर कथेला शोकातच द्यावे लागले. कैलासाचे शिखर जागेवर आहे. आणि बांधीव देवळाकडे पाहून त्याचा क्रम कोणाला विचारावासा वाटत नाही, तर कैलासाकडे पाहणाऱ्याला तोच पहिला प्रश्न पडतो. भोवतीच्या उभ्या कड्यांवरील छिन्नीचे घाव आणि माथ्यावरून खाली पाहता दिसणारे शिखर यांत उत्तरही लिहिलेले आहे. म्हणून ‘आधी शिखर’ ही आठव्या शतकापासून तोंडोतोंडी आलेली आठवण असेलच असे नाही. ते दगडाचे वाचनही असू शकेल. कोणा अनाम कथेकऱ्याने डोंगरमाथ्यावर उभे राहून देवळाची रीत ओळखली, आणि ती सांगण्यासाठी राणीचा नेम योजला. कलाइतिहासकारांनी हाच निष्कर्ष नंतर मोजमापे घेऊन काढला.

अलीकडच्या काळात कैलासाभोवती एक नवी आख्यायिका वाढली आहे. दूरचित्रवाणी आणि इंटरनेट यांवर ती अमाप फिरते. काढलेल्या दगडाचे लाखो टन आणि कामाची अठरा वर्षे यांचा त्रैराशिक मांडून, हे माणसांचे काम नव्हे, परग्रहावरून आलेल्यांचे किंवा लुप्त यंत्रांचे असावे, असा निष्कर्ष त्यात काढला जातो. अठरा वर्षे हा आकडा कृष्णराजाच्या राज्यकालाच्या अंदाजावर बेतलेला. काम त्याच्या आधी सुरू झाले असेल किंवा नंतर चालले असेल, ही चर्चा सोयीने वगळलेली. वरवर पाहता ही कथा ताम्रपटातील देवांच्या उद्गाराचीच नक्कल आहे : मानवी वस्तूला एवढी शोभा कोठून? पण प्रशस्तिकाराने तो उद्गार देवांच्या तोंडी ठेवून लगेच शिल्प्याला बोलते केले. ओवीकाराने तर राजसभेतील सर्वांनी नाही म्हटलेले काम पैठणच्या एका माणसाच्या हाती दिले. दोघेही विस्मयाच्या टोकाशी माणूस उभा करतात. नव्या कथेत त्या जागी कोणीच नाही. ती कैलासाचे कौतुक करते आणि ज्यांनी तो कोरला त्यांचे श्रम त्यांच्या वंशजांच्या डोळ्यांदेखत काढून घेते. ‘कथाकल्पतरू’ला भाकड म्हणणाऱ्यांनी या दोन कथांतली कोणती अधिक बुद्धिनिष्ठ आहे, याचा विचार करावा.

वेरूळच्या दहाव्या लेण्याला परिसरातील लोक ‘सुतार का झोपडा’ म्हणत आले. ते बौद्धांचे चैत्यगृह आहे, आतील बुद्धमूर्तीला सुतार विश्वकर्मा समजून भजत, आणि छताच्या दगडी वाशांवरून हे घर आपल्या धंद्यातल्याचे आहे, हे त्यांनी ठरविले. बुद्ध ओळखता आला नाही. लाकडाच्या बांधणीची दगडात केलेली नक्कल मात्र त्यांनी अचूक ओळखली.